बटणावरचा भात

इराणातल्या रश्त शहरातल्या आमच्या घरात न्याहारीलासुद्धा भात लागायचा, आणि तो शिजवण्यात माझ्या आईचा, तूबा खानमचा, हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. आई फूमनकडच्या भातशेतीच्या गावातली. झाकण न उघडता नुसत्या वासावरून तिला कळायचं, आता पाणी आटलं, आता लोणी तळाशी उतरलं, आता तहदीग, तळाची खरपुडी, धरायला लागली. पातेलं ताटात उपडं केलं, की भाताच्या माथ्यावर ती सोनेरी खरपुडी अख्खी उतरायची. तिच्या तुकड्यांवरून मी आणि बाबा लहान पोरांसारखे भांडायचो.

एका हिवाळ्यात आईला मोठा ताप आला. ताप उतरला, ती उठून कामालाही लागली, पण भात करपायला लागला. एकदा करपला, पुन्हा करपला, मग वरचेवरच. आई स्टोव्हला दोष द्यायची, रॉकेलला द्यायची, मग तांदूळ देणाऱ्यालाही. बाबा टपाल वाटायचे, दिवसभर पावसात पायपीट करून भुकेले यायचे आणि काळी ठिक्कर खरपुडी कडाकडा चावत म्हणायचे, "झकास! मला अशीच आवडते."

"मग कालपर्यंत का नाही बोललात?" आई फणकारायची.

त्याच सुमाराला शेजारच्या अनीस खानमच्या मुलाने तेहरानहून तिला भात शिजवायचं विजेचं भांडं पाठवलं. ओट्यावर ठेवायचं, तांदूळ-पाणी घालायचं, बटण दाबायचं, झालं. बाबा म्हणाले, "तूबा जान, आपणही घेऊ या का? माझा बोनस यायचाय."

"भात बटणावर सोडायचा? आणि मी काय करू, खिडकीत बसून पाऊस बघू?"

"बघ की! मीही येतो बघायला."

आई हसली नाही. शेवटी अनीस खानमनेच तोडगा काढला. "तुझे तांदूळ घेऊन ये माझ्याकडे. शिजव, चाख, आणि मग नावं ठेव. न चाखता ठेवू नकोस."

शुक्रवारी आम्ही तिघंही गेलो. आईने आपले सद्री तांदूळ घरून धुऊन नेले होते. पाणीही तिनेच घातलं, अनीस खानमला हात लावू दिला नाही. बटण दाबलं आणि आम्ही चहा घेत बसलो. अनीस खानम बोलायला बसली म्हणजे तिला कशाची शुद्ध नसते. धाकट्या सुनेचं पुराण रंगात आलं होतं, आणि तिकडे तिने स्टोव्हवर ठेवलेला धुरी दिलेला मासा जळत होता. घरभर खमंग नव्हे, डोळ्यांतून पाणी काढणारी घाण पसरली. बाबांनी नाकाला रुमाल लावला, मी खिडकीकडे धावले. तेवढ्यात भांड्याचं बटण टक्कन वर आलं.

आईने झाकण उचललं, वाफेवर वाकली, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "वास बरा आहे. पण आपल्या सद्रीचा तो गोडवा नाही आला."

अनीस खानमने गुपचूप स्टोव्ह बंद केला. आईने वळून आमच्याकडे पाहिलं, बाबांच्या नाकावरचा रुमाल पाहिला, मग कोळसा झालेला मासा. झाकण तिच्या हातातच राहिलं.

"तापापासून," ती हळूच म्हणाली. "काहीच येत नाही. भाताचा नाही, लसणाचा नाही. आपल्या लेकीच्या, फरंगीसच्या केसांचासुद्धा नाही."

"अगं, मग बोलली का नाहीस?" बाबांचा आवाज फुटला.

"काय बोलू? तुम्ही आपले करपलेलं मिटक्या मारत खाताय."

अनीस खानमने भात ताटात काढला. खरपुडी अखंड उतरली होती. आईने एक तुकडा मोडला, कानाजवळ नेऊन कुरकुर ऐकली, मग तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. "घेऊ या," ती म्हणाली. "पण दुकानात मीच जाणार. ते टक्कन वाजणं मोठ्याने यायला हवं."

दुकानदाराला तिने प्रत्येक भांड्याचं बटण वाजवून दाखवायला लावलं. तो वैतागून म्हणाला, "खानम, भात खायचाय की गाणं ऐकायचंय?"

"दोन्ही," आई म्हणाली.

त्यानंतर भात करपला नाही. पण वाफ सुटली की आई मला ओट्यापाशी बोलवायची. "सांग, कसा येतोय?" मी आधी नुसतं "छान" म्हणायची. ती रागवायची. मग मी शोधून शोधून सांगू लागले: उन्हात वाळलेल्या चादरीसारखा, आता कोमट दुधासारखा, आता भाजल्या अक्रोडासारखा. ती ओट्याला टेकून डोळे मिटून ऐकायची. आईच्या इतकी जवळ मी पुढे कधी उभी राहिले नाही असं आता वाटतं.

पुढच्या वर्षीच्या वसंतात एका संध्याकाळी बाबा भिजून घरी आले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थबकली.

"शी! केवढा कुबट वास मारतोय तुमचा कोट! काढा तो आधी."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग खुर्चीवर जाऊन बसले आणि कोटाची वरची गुंडीसुद्धा लावून घेतली. जेवतानाही त्यांनी तो अंगावरून उतरवू दिला नाही.