रानातली पाणपोई

मित्रांनो, मी एक जुना पाणवठा आहे. तेरखेड्याजवळच्या राखीव जंगलात, परातीसारखा जमिनीत बसवलेला सिमेंटचा उथळ खड्डा. टँकरला आत फार जाता येईना, म्हणून मला फाटकापासून हाकेच्या अंतरावर बांधलं. काठ मुद्दाम उतरते ठेवले, पाडसाचा पाय घसरू नये म्हणून. माझ्याबद्दल एवढा विचार पुन्हा कुणी केला नाही.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. उन्हाळ्यात टँकर यायचा, संध्याकाळी हरणं, मोर, कोल्हे यायचे. साहेब लोक काठावर उभं राहून फोटो काढायचे आणि माझं कौतुक करायचे. मग निधीला नव्या वाटा फुटल्या. फाटकावर कमान झाली, तिच्यावर सिमेंटचे मोर बसले. त्यांना दरवर्षी नवा रंग मिळतो. खऱ्या मोरांच्या पाण्याला मात्र तरतूद नसते. मी राग धरत नाही. बिचाऱ्या साहेबांनाही वरच्यांना काहीतरी दाखवावं लागतं. कमान जागेवर राहते. पिऊन टाकलेलं पाणी दाखवायचं कसं?

यंदा मी फाल्गुनातच कोरडा पडलो. तहानलेली हरणं शिवारातल्या विहिरींकडे जाऊ लागली आणि एक पाडस विहिरीत पडून मेलं. ते पाहिल्यावर वनरक्षक श्रीदेवी तेरखेड्याच्या धुरपदाबाईंना माझ्या काठावर घेऊन आली. धुरपदाबाईंचा फटाक्यांचा कारखाना. गेलेल्या नवऱ्याच्या नावानं त्या दर उन्हाळ्यात स्टँडवर पाणपोई घालतात.

“मावशी, स्टँडवर आता घरोघरच्या बाटल्या येतात. यंदा पाणपोई इथं घाला.”

धुरपदाबाईंनी वाकून माझ्यात पाहिलं. “हितं प्यायला येणार कोण?”

“हरणं, मोर.”

“बरंय. पाणी पिऊन वर ‘गार न्हाय’ म्हणणार न्हाईत. जून लागस्तोर टँकर माझा. पण उद्घाटनाला लड लावणार बरं का.”

“जंगलात फटाका? गुन्हा आहे, मावशी.”

“मग फाटकाबाहेर लावते. तेरखेड्याची बाई मुक्यानं पाणपोई उघडंल व्हय?”

झालं. टँकर आला, काठाला झेंडूच्या माळा लागल्या, बाईंच्या गेलेल्या मालकांच्या नावाचा फलक उभा राहिला आणि फाटकाबाहेर भली मोठी लड कडाडली. श्रीदेवीनं कपाळावर हात मारला. मी काठोकाठ भरलेला आणि रान सुनं. त्या संध्याकाळी कुणी आलं नाही, दुसऱ्याही नाही. ऊन तेवढं माझं पाणी पीत राहिलं.

आठवड्यानं धुरपदाबाई पुढचा टँकर घेऊन आल्या. काठच्या मातीत एकही खूर उमटलेला नव्हता.

“म्हंजी मालकांच्या नावाचं पाणी कुणी प्यालंच न्हाय?”

“आवाजाला बिचकलीत, मावशी. वेळ लागेल.”

“आन तवर हिरीत पडली तर?”

धुरपदाबाईंनी माळा ओरबाडल्या आणि ड्रायव्हरला फलक उपटायला सांगितलं.

“आवं काकू, मालकांचं नाव काढायचं?”

“हरणांना वाचता येतंय का? काढ.”

टँकर फाटकाबाहेरच थांबवून त्यांनी लांब पाइपानं पाणी सोडलं. मग रोज तिन्हीसांजेला दोघी दूर बाभळीआड बसू लागल्या. धुरपदाबाई बांगड्या पदरात गुंडाळून घ्यायच्या.

एके दिवशी एक हरणी आली. मागं पाडस. ती कान टवकारून खूप वेळ उभी राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि माझ्या पाण्यावर पहिली वलयं उठली. बाभळीआडून अगदी हलकं ऐकू आलं, “सावकाश गं. सावकाश पी.”

मित्रांनो, धुरपदाबाईंचं पाणी यंदा पुरेल. पण सगळ्यांचं रान दरवर्षी एका बाईच्या दानावर कसं चालायचं? तुम्ही सहलीला आलात, की इथल्या साहेबांना विचारा, “काका, पुढच्या उन्हाळ्याच्या पाण्याचे पैसे बाजूला ठेवलेत ना?” उत्तर मिळेपर्यंत हलू नका. ज्यांच्यासाठी हे रान राखून ठेवलंय, त्यांना अर्ज करता येत नाही.