उदाहरणाचे वाक्य

“द स्ट्रीटलाइट इज स्टिल ऑन. रस्त्यावरचा दिवा अजून चालू आहे,” असे मोठ्याने वाचून धाकट्याने कार्ड टेबलावर ठेवले आणि दोघेही भाऊ थांबले.

थांबण्याचे खरे तर काही कारण उरले नव्हते. आत स्वयंपाकघरात कोणी नव्हते.

“चालू आहे तर आहे. दिव्याचं एवढं काय कौतुक?” असे म्हणून दादाने कार्ड परत सरकवले.

शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजीतल्या काळवाचक शब्दांचा एक छोटा कोश दोघे मिळून करत होते. अर्थ दादाने लिहायचा, उपयोग दाखवणारी वाक्ये धाकट्याने, आणि वाक्य पास करायचे ते वहिनीने. हा नियम कोणी केला नव्हता, तो आपोआप रुळला होता. टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी होते. धाकट्याने आधी इंग्रजी, मग मराठी वाक्य आतपर्यंत जाईल अशा आवाजात वाचायचे, की आतून निकाल येई. ‘ऑल्वेज’साठी त्याने ‘सूर्य नेहमी पूर्वेला उगवतो’ असे लिहिले, तेव्हा भाजी चिरणारी विळी मध्येच थांबली होती.

“भावजी, ते सूर्याला ठाऊक आहे हो. माणसांचं काही लिहा की. हे घ्या, ‘तुमचे दादा नेहमी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात.’”

दादाने चिडून डोके चाचपले. चष्मा तिथेच होता. वाक्य तसेच पक्क्या प्रतीत गेले.

वहिनी गेली तेव्हा काम ‘स्टिल’पाशी आले होते. अर्थ दादाने आधीच लिहून ठेवला होता: जे पूर्वी सुरू होते ते थांबलेले नाही, असे सांगणारा शब्द; अजून, अद्याप. उन्हाळा सरला तरी काम त्या एका शब्दापलीकडे सरकले नव्हते. दादा रोज टेबलाशी येऊन बसे, वाक्य ऐके, नाकारे, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा होई. ताटातले निम्मे ताटातच राही. कोशाचे धाकट्याला आता फारसे काही वाटत नव्हते. त्याला भाऊ हवा होता, आणि भाऊ या शब्दाच्या अलीकडेच रुतून बसला होता. म्हणून तो वाक्ये जपून रची. त्यात ‘ती’ येऊ द्यायची नाही, घर येऊ द्यायचे नाही, वाट पाहणे तर नाहीच. दिवे, पूल, दुकाने.

“बरं, हे बघ. द शॉप इज स्टिल ओपन. दुकान अजून उघडं आहे.”

“असं कोणी बोलतं का?”

हे शब्द वहिनीचे होते. सूरही तिचाच होता. फक्त त्यामागचे हसू तेवढे नव्हते.

“बोलतात की. उशिरा निघालेली माणसं बोलतात.”

“तुला नाही कळत त्यातलं.”

“मग ज्यांना कळतं त्यांना विचार!”

बोलून गेल्यावर धाकट्याने जीभ चावली. पण तोंडातून सुटलेला शब्द कुठला माघारी येतो! दादा मात्र रागावला नाही. कार्ड उचलून तो सरळ स्वयंपाकघरात गेला. आतून त्याचा आवाज आला. आधी इंग्रजी, मग मराठी, वर्गात वाचावे तसा सावकाश आणि स्वच्छ. त्यानंतर काही नाही. कोणी ओले हात पदराला पुसून उत्तर द्यावे, तेवढा वेळ गेला. मग त्याहून अधिक गेला. धाकटा अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. आत डोकावण्याचा त्याला धीर झाला नाही.

नळ सुटल्याचा आवाज झाला. दादा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता.

“काय म्हणाली वहिनी?” धाकट्याने विचारले. आपण हे असे का विचारतो आहोत, ते त्याचे त्यालाही कळले नाही.

दादा खुर्चीवर टेकला. त्याने कार्डाच्या कडेवरून बोट फिरवले.

“काही नाही. काहीच म्हणाली नाही रे.”

मग त्याने उठून स्वयंपाकघराचे दार ओढले. इतक्या वर्षांत ते कधी लावलेलेच नव्हते. चौकटीत बसेना, तेव्हा त्याला जोर करावा लागला.

“दुकानाचं राहू दे. वाईट नाही ते. पुढचा शब्द कुठला?”

“देन. मग, नंतर.”

“वाच.”

याच घडीसाठी धाकट्याने सारा उन्हाळा वाक्ये रचली होती. त्याने नवे कार्ड उचलले. बंद दाराकडे पाहत त्याने नेहमीच्या मोठ्या आवाजात वाचले.

“वी हॅड टी, देन वी सॅट डाउन टू वर्क. आम्ही चहा घेतला, मग कामाला बसलो.”

दादाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“हळू वाच,” तो म्हणाला. “मी इथंच आहे.”