दुधाचा खडा

धाकट्या दौलतला मी शाळेत घातला तो वहिनीच्या गळ्यातलं चोरायला नव्हे. विचारलं असतं तर मी दिलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून सुनेचा, तुळसाचा, डोळा लागलेला बघून मेल्याने दोरा कापला.

दोऱ्यात करवंदाएवढा तांबडा खडा होता. माझगावच्या गोदीत ग्रीक जहाज दुरुस्तीला आलं होतं, त्यातला एक म्हातारा खलाशी माझ्या थोरल्याने, जगनने, घरी जेवायला आणला. तुळसाला दूध नव्हतं, नातू रडून रडून निळा पडलेला. म्हाताऱ्याने गळ्यातला खडा काढून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या क्रीट बेटावर बाळंतिणी तो छातीवर बांधतात, एवढं त्याने खुणांनी सांगितलं. बांधला, आणि सांजेपर्यंत सुनेची चोळी भिजली.

दौलतला त्या बेटाचं वेड लागलं. तिथले जुने लोक कोण, त्यांचा देव कुठला, कुणालाच ठाऊक नाही म्हणे. खड्यावर बाई कोरलेली: घेरदार घागरा, उघडी छाती, हात वर.

"आये, ही त्यांची देवी असंल."

"असू दे. आपल्या सुनेला दूध देते तवर तिचं कूळ विचारू नको."

त्याने विचारलं, ते असं. तापल्या लाखेवर खडा दाबून ठसे काढले आणि खिडकीत मांडले. खड्यात ती बाई आत खणलेली होती. लाखेवर ती बाहेर आली.

तुळसा आटली. खडा परत बांधला तरी आटलेलीच. पण पोर रडेना. पाळण्यातून खिडकीकडे तोंड करून ओठ चोखायचं, घुटके गिळायचं, आणि हाडं तर वर येत चाललेली. मी ठसे हातात घेतले. एकेकीची छाती ओली. वास घेतला. दूध.

सगळे चुलीत घातले. तरी पोराने नुसती बाजू बदलली. आता भिंतीकडे तोंड. पाळणा फिरवला, पोर परत तिकडेच वळलं. अंगणात नेलं, तरी मान गिरगावाकडे. ओठ चालूच.

मी दौलतला पुढ्यात बसवला. "एक कुठं दिलास?"

"गिरगावात, मास्तरांना," तो खाली बघत म्हणाला. "उद्या ते विलायतेला धाडणार. तिथले विद्वान ओळखतील ती कोण ते. आये, माझं नाव होईल."

दारातून तुळसा म्हणाली, "भावोजी, ती पाजते ना त्याला? मग पोर सुकतं कशानं?"

 मला ते कळलं होतं.

"पाजत नाय ती, पिते," मी म्हणाले. "दगडात होती तवर देत होती, लाखेवर उलटी उमटली, आता ओढून घेते. दौलत, तू तिला दगडातनं काढलीस, आता तूच तिला चुलीत घालायची. आज ठसा घेऊन ये, नायतर ह्या घराला तू नायस. आणि येताना तिचं तोंड तुझ्या छातीकडं धरू नको. बाहेर धर."