चाड्यावरची मूठ

माझी नात हेमा परभणीच्या कॉलेजात कॉम्प्युटरला वाचायला शिकवत होती. साल ब्याण्णव. छापलेला मजकूर त्याला रोज घालायचा, त्यानं त्यातून एकेक गोष्ट उचलायची, आणि तीन वेगळ्या कागदांत सापडली की पक्की धरायची. पुढं म्हणे गावोगावच्या लोकांना तेच उत्तरं देणार. मी बघायला गेले तेव्हा तिनं त्याला विचारलं, पेरणी कोण करतं? पडद्यावर आलं, शेतकरी. आणि त्याची बायको? भाकरी आणते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं पेरायच्या तिफणीमागं चालले मी. बैल नवरा हाकायचा, पण बी सोडायच्या चाड्यावर मूठ माझी. बोटांतून दाणा किती सुटायचा ते माझ्या हाताला कळायचं, त्याच्या बापाला नाही.

"हेमे, खोड ते."

"आजी, तसं खोडता येत न्हाई. वाचलं तेच ते सांगतंय."

तिचे मास्तर माधवराव हसले. "आजीबाई, छापील आधार आणा. तीन."

"आणते. तुमी तवर खुर्ची सोडू नका."

मी दुसरी शिकलेली. घरी येऊन माझं मी लिहिलं. पालमची विहीण धुरपताबाई आणि चुडाव्याची बहीण मनकर्णा, दोघींनी सांगितलं तसं वेगळ्या कागदांवर उतरवलं. मग एसटीनं जिंतूर गाठलं. तिथं चंद्रभान लग्नपत्रिका छापतो.

"मावशी, कुणाचं लगीन?"

"तुझ्या अकलेचं. छाप."

शहाण्यानं आपल्याच मनानं सुधारून लावलं, 'स्त्रिया पेरणीत साह्य करतात.'

"साह्य? दाणा आमच्या मुठीतला, आन साह्य कुणाला रे? उपस ते खिळे."

"छापायची रीतच हाय तशी."

"रीत घाल चुलीत. 'पेरतात' लाव."

त्यानं शिशाची अक्षरं एकेक उपसली. तिन्ही कागद हातात पडेस्तोवर मी तिथून हलले नाही.

हेमानं ते कॉम्प्युटरला घातले. पुन्हा विचारलं. पेरणी कोण करतं? शेतकरी. बाई. दोन्ही पक्की.

माधवराव खुर्चीतून उठले. "असं चालत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनं चाळीस कागद आहेत, तुमचे तीन. ते काढावे लागतील." त्यांनी पुसायच्या बटनावर हात ठेवला.

"काढा की. पर आधी त्याला इचारा, चाळीस लिहिणाऱ्यांतल्या कितीजणांनी चाड्यावर मूठ धरली?"

हेमानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तसंच्या तसं टाइप केलं. मग पडद्यावर आलं, माहिती नाही.

"लय इमानदार हाय," मी म्हटलं. "तुमच्यापरीस."

माधवरावांनी बटनावरचा हात काढून घेतला.

मी स्टूल ओढून हेमाच्या शेजारी बसले. "आता इचार, कापूस कोण येचतं?"