माझ्यात खळ ओतली तेव्हा

मी काचेचा उंच ग्लास बोलतोय. ग्लासला कसली आलीय किळस, असं म्हणाल. माझ्या पोटात जे जे ओतलं गेलं ते तुमच्या पोटात गेलं असतं, म्हणजे कळलं असतं.

जन्म माझा भट्टीतला. भावंडांसोबत एका खोक्यात बसून मी या घरी आलो. बाकीचे एकेक करून फुटले आणि मी शिवणयंत्राशेजारी घरातल्या आईचा पाण्याचा ग्लास होऊन राहिलो. लोकांचे कपडे शिवणारी ही बाई मला रोज स्वतः विसळायची. सुखाचे दिवस होते.

मग आई आजारी पडली. औषधं इतकी जालीम, की तिच्या तोंडाची चवच गेली. साध्या पाण्यालाही साबणाची चव लागायची. डॉक्टर म्हणाले होते, चव हळूहळू परत येईल. येऊन पुन्हा गेली तर मात्र सगळ्या तपासण्या नव्याने कराव्या लागतील. आईने त्या तपासण्यांचा धसकाच घेतला होता.

लेकीने तिच्यासाठी एक गार पेय शिकून घेतलं. तळाशी साखर घालून कुस्करलेली स्ट्रॉबेरी, त्यावर काठोकाठ बर्फ, मग चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडलेलं दूध. सगळ्यात वर मॅचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, कोमट पाण्यात गुठळी न राहता घुसळलेली. लाल, पांढरा, हिरवा असे तीन थर. मलासुद्धा माझा अभिमान वाटायचा. एके दिवशी आईला स्ट्रॉबेरीचा आंबटपणा कळला आणि मायलेकी गळ्यात पडून रडल्या.

तिथेच थांबायचं ना! पण लेकीने माझा फोटो टाकला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. झालं, लेक रोज दिवे लावून माझे फोटो काढू लागली आणि माझे भोग सुरू झाले. दिव्यांच्या उष्णतेने बर्फ वितळायचा, थर एकमेकांत घुसायचे. म्हणून बर्फ आला प्लास्टिकचा. दुधाच्या जागी मक्याच्या पिठाची खळ. मॅचा मळकट दिसतो म्हणून नुसता हिरवा रंग, आणि फेस टिकावा म्हणून वर भांडी घासायचा साबण. शी! बाहेरून मला तेलाचं बोट लावायची, तुकतुकीत दिसावं म्हणून. तो चिकट लगदा संध्याकाळपर्यंत माझ्या अंगाला आंबत राहायचा आणि तिकडे लोक लिहायचे, तोंडाला पाणी सुटलं.

आई अधूनमधून विचारायची, आज माझं करतेस का गं? एवढं झालं की करते, असं उत्तर यायचं. ते एवढं कधी संपलंच नाही.

एका दुपारी मला असाच सजवून लेक फोनवर बोलायला बाहेर गेली. आई आली. टेबलावरचा मी तिला दिसलो आणि तिचा चेहरा खुलला. तिला वाटलं, आपल्यासाठीच केलंय. मी निसटायचा खूप प्रयत्न केला, अंगाला तेल होतंच, पण तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तिने मोठा घोट घेतला.

लेक परतली तेव्हा आई खुर्चीत बसली होती, ओठावर फेस. लेकीला पाहून ती कसंबसं हसली.

"छान झालंय गं. पण माझ्या तोंडाची चव पुन्हा गेली. सगळं साबणासारखं लागतंय. उद्या डॉक्टरांकडे जाऊ या."

लेकीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. तो क्षण मला त्या खळीहून घाणेरडा वाटला. आता ही मान डोलावणार आणि उद्या आईला तपासायला नेणार, असंच मी धरून चाललो.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या तोंडाला काही झालेलं नाही. तो साबणच आहे."

आई उठली. तिने खळखळून चुळा भरल्या आणि तोंड पुसत विचारलं, "आणि खाली ते मिळमिळीत? खळ ना?"

लेकीने रडत मान डोलावली. लेकीला बोलायचं ते आई भरपूर बोलली, पण बोलता बोलताच तिला हसू फुटलं.

सध्या मी गरम पाण्यात पडलोय. लेक ब्रश घालून मला तळापर्यंत घासतेय. माझं एवढंच मागणं आहे: कुणासाठी म्हणून मला भराल, ते आधी स्वतः पिऊन बघा. पलीकडे आई ताठ बसलीय, दर खेपेला मला हातात घेऊन एक घोट पाणी पिते आणि परत देते.

"अजून लागतोय साबण," ती म्हणते, "पुन्हा धू." इतक्या आनंदाने कुणी मला नावं ठेवलेली मी ऐकली नव्हती.