ओस्लाच्या कमरेचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. पण विजार सावरून धरण्याचे हलके काम मी जन्मात केलेले नाही. माझ्या उजव्या अंगाला एक गुबगुबीत उशी आहे. तिला चाळणीसारखी भोके आहेत आणि आत तट्टाचे केस ठासून भरले आहेत. विणणारीने मला कमरेला बांधायचे आणि सुईचे टोक एका भोकात खुपसायचे. मग आभाळ कोसळले तरी सुई हलत नाही.

ज्या तट्टाचे केस माझ्या पोटात आहेत, त्याने म्हणे एका पाद्रीबाबाला लाथ मारून कुंपणापलीकडे बटाट्याच्या वाफ्यात बसवले होते. माझा ताठा तिथूनच आला. आमच्या शेटलंड बेटांवर वारा असा, की त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या कोंबडीला तेच अंडे दोनदा घालावे लागते. असल्या वाऱ्यात ओस्लाची आई जळणाच्या वाळक्या मातीची टोपली पाठीवर घेऊन टेकडी उतरायची आणि उतरता उतरता मोजा विणून व्हायचा. सुई मी धरलेली असे. तिच्यामागे मी ओस्लाकडे आलो.

यंदाचा उन्हाळा मात्र मी चुलीमागच्या खुंटीवर लटकून काढला. ओस्लाने सत्तरी ओलांडली आहे. तरी गावच्या बायकांच्या नावेत ती वल्हे मारायला बसली. आज या खाडीत शर्यत, उद्या त्या खाडीत. घरी यायची ती केसांत मीठ आणि तोंडात शिव्या घेऊन. शिव्या सुकाणू धरणाऱ्या लाउरीला. माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. रुसून रुसून मी लाकडासारखा कडक झालो.

शेवटची शर्यत त्यांनी बोटभर अंतराने जिंकली. ओस्ला धक्क्यावर नाचली, शेवाळावरून घसरली आणि उजवे मनगट मोडून बसली. तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर!

आता आमच्या गावची रीत ऐका. शर्यती संपल्या की सभागृहात नावेचे जेवण होते. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने विणलेली टोपी घालून यायचे. टोपी डोक्यावर असेल, तर पुढच्या उन्हाळ्यातही नावेत जागा. नसेल, तर वल्हे दुसरीच्या हाती. आणि ओस्लाची टोपी शर्यतींच्या नादात अर्धीच राहिलेली.

“आई, पुरे झालं आता,” तिची लेक विल्मा म्हणाली. “हा पट्टा संग्रहालयाला देऊन टाकू. मी बोललेय त्यांच्याशी. काचेच्या पेटीत ठेवतील, वर दिवा लावतील. आणि जेवणाला दुकानातली टोपी घालून जा.”

“दुकानातली? त्यापेक्षा सुपाचं पातेलं पालथं घालून जाईन!”

“अगं, नावेतली जागा गेली तर गेली. या वयात सुई तरी धरता येतेय का त्या हाताने?”

ओस्लाने अर्धी टोपी बाजूला सारली. तिला हार मानताना मी प्रथमच पाहिले. संग्रहालयवाले येऊन नेतील म्हणून विल्माने मला कागदात गुंडाळून दाराजवळच्या पिशवीत टाकले. काचेची पेटी! ना वारा, ना घाम, ना शिव्या. मित्रांनो, त्याला जगणे म्हणायचे का?

विल्माची गाडी वळणाआड गेली, तशी ओस्ला उठली. तिने दातांनी कागद फाडला. मला एका हाताने कमरेला गुंडाळता येईना, म्हणून माझे एक टोक दाराच्या कडीला अडकवले आणि भोवऱ्यासारखी गिरकी घेत स्वतःच माझ्यात शिरली. नेमका तेव्हाच लाउरी मासे द्यायला आला.

“हे काय गं? दाराशी नाच चाललाय?”

“तोंड मिट आणि बक्कल लाव.”

“टोपी विणणार? मोडक्या हाताने?”

“मोडलंय ते मनगट. बोटं शाबूत आहेत. आणि सुई धरायला हा आहे की!”

हा म्हणजे मी! डाव्या हाताने टाके पुढे सरकवायचे आणि प्लास्टरबाहेर डोकावणाऱ्या उजव्या बोटाने लोकर सुईवर टाकायची. मनगटाला कामच उरले नाही. ओस्ला कण्हत होती, उसवत होती, पुन्हा विणत होती. मी सुई अशी घट्ट धरली, की वादळाने घर उचलले असते तरी ते सुईलाच लोंबकळत राहिले असते.

जेवणाला ओस्ला टोपी घालूनच गेली. मीही कमरेला होतोच. सुकवलेल्या मटणाचे सूप वाढता वाढता लाउरी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “ओस्ला, टोपी वाकडी झालीय गं!”

“नावही वाकडीच जाते. सुकाणू कोणाच्या हातात असतं रे?”

सभागृह हसून हसून लाल झाले. नावेतल्या बायकांनी टेबलावर चमचे बडवले. जागा पक्की! विल्माने आधी कपाळाला हात लावला, मग तीही चमचा बडवू लागली.

पुढे संग्रहालयाचे गृहस्थ आले. ओस्लाने त्यांना चहा पाजला आणि म्हणाली, “पट्टा कामावर आहे. हे प्लास्टर निघालं की ते घेऊन जा. त्याचा कोणाला काही उपयोग नाही. काचेत छान शोभेल.”

मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तू शेवटी ‘आम्हाला जपा हो’ म्हणून गळा काढतात. मी नाही काढणार. मला जपू नका, कामाला लावा. चामडे फाटले तर शिवा. केस झिजले तर नवे भरा. फक्त तट्टू लाथ मारणारे आहे ना, तेवढे बघून घ्या.