सुलटे केलेले टायर

माझा भाऊ नागसेन वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल फारसं चांगलं लिहिणार नाही. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो. रामटेककडे धानाच्या बांधीत ज्याचा ट्रॅक्टर फसतो, तो आधी दादाला फोन लावतो. त्याच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात. हे ऐकून ऐकूनच त्याचं डोकं फिरलंय.

एटीव्ही माझी आहे. चार जाड चाकं आणि मोटरसायकलसारखं हँडल असलेली ही गाडी मी माझ्या पगारातून जुनी घेतली आणि कन्हान नदीच्या कोरड्या पात्रात पडत-झडत चालवायला शिकले. यंदा आमच्या एटीव्ही चालवणाऱ्यांच्या क्लबने त्याच पात्रात ड्रॅग रेस ठेवली. रेतीत सरळ रेषेत धावायचं, प्रत्येकाला दोन संधी, त्यातली चांगली वेळ धरायची. पहिला येईल तो जैसलमेरच्या रेतीत क्लबतर्फे धावणार. मला तिथे जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

टायर घ्यायला जरीपटक्याच्या बाजारात गेलो. 'गेले' म्हणायला हवं, पण दादा सोबत आला. ओमप्रकाश दुकानदाराने मला खुर्ची दिली आणि टायर दादाला दाखवले.

"भाऊ, हा घ्या. चिखलाचा टायर. रबराचे गोटे पाहा किती मोठे. पहाड चढून जाईल."

"मले रेतीचे पाहिजेत," मी म्हणाले.

"एकच बात आहे, ताई." एवढं बोलून तो पुन्हा दादाकडे वळला. "भाऊ, तुम्हीच समजावा ताईले."

एकच बात अजिबात नाही. मोठ्या गोट्यांचा टायर चिखलात जमीन धरतो. रेतीत मात्र तो जागच्या जागी खड्डा खणत बसतो. रेतीत मागच्या चाकांना पॅडल टायर लागतात. गुळगुळीत टायरवर आडव्या रबरी पट्ट्या, मध्ये वाकलेल्या, ओंजळीसारख्या. ती ओंजळ रेती धरते, मागे ढकलते आणि गाडी पुढे जाते. पुढच्या चाकांना मधोमध एकच कणा असलेला टायर, म्हणजे हँडल रेती कापत वळतं. हे सगळं मी त्याला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी त्याने पॅडल टायर मागवून द्यायचं कबूल केलं, पण माझ्या आठ पट्ट्या ऐकून हसला. "आठच? चौदावाला घ्या ना!"

"माह्यं इंजिन लहान आहे. चौदा पट्ट्या ओढता ओढता त्याचा दम निघून जाईल."

तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला. "घेऊ द्या तिले, शेठ. शौक आहे पोरीचा."

शौक! त्याचा तो धंदा आणि माझा तो शौक. दुकानात तमाशा नको म्हणून मी आगाऊ पैसे मोजून दिले आणि बाहेर पडले.

टायर आले आणि मी ते स्वतः बसवले. रेसच्या सकाळी गाडी पात्रात उतरवली आणि दादाला म्हटलं, "इथंच थांब, मी नंबर घेऊन येते." तंबूपाशी रांग होती. परत आले तर दादा फडक्याने हात पुसत होता आणि खुशीत होता. त्याची खुशी बघून मला संशय यायला हवा होता.

माझ्या शेजारच्या रेषेत क्लबमधला रजत होता. झेंडा पडला. मी गॅस पिळला, इंजिन बोंबललं, मागची चाकं गरगर फिरली आणि रेती दोन्ही बाजूंना उडाली. रजत निघून गेला. मी कशीबशी सरपटत शेवटपर्यंत पोचले. माइकवर केयूर होता, क्लबचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "ताई, आरामात! स्कूटी नाही आहे ही!" सगळे हसले. हसणाऱ्यांत बायकाही होत्या, हे जास्त लागलं.

उतरून मागच्या चाकांकडे पाहिलं आणि अंगाचा तिळपापड झाला. पट्ट्या पालथ्या होत्या. डावं चाक उजवीकडे गेलं होतं, उजवं डावीकडे. हाताच्या पाठीने रेती उपसायला जावं, तसं चाललं होतं.

दादा धावत आला. "का झालं वं?"

"चाकं कोणी बदलली?"

"मी. उलटे बसवले होते तू, म्हणून सुलटे करून देल्ले." त्याच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान होतं. "नक्षीचं टोक पुढं पाहिजे. इतके वर्सं ट्रॅक्टरचे टायर बसवून राहिलो मी."

मग मला कळलं. ट्रॅक्टरच्या टायरवरच्या नक्षीचं टोक आधी जमिनीला लागतं, कारण चिखल बाजूला फेकायचा असतो. रेती फेकायची नसते, धरायची असते. अख्ख्या जन्मात चिखलच बघितलेल्या माणसाला माझं जे बरोबर होतं तेच उलटं दिसलं होतं.

"मले काहून नाही विचारलं?"

"तुले का विचारायचं त्याच्यात?" तो खरोखरच गोंधळला होता. "तुह्यासाठीच तर केलं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझ्यासाठी! माझं कॉलेज यानेच ठरवलं, माझ्यासाठी. माझ्यासाठी आलेलं एक स्थळ मला न सांगता यानेच परतवलं, तेही माझ्यासाठी. दर वेळी आई म्हणायची, दादाचा जीव आहे तुझ्यावर. असेल. पण त्या जीवाखाली माझा जीव घुसमटून गेला.

मी जॅक काढला. तो पाना घ्यायला वाकला.

"हात लावू नको."

"अवं, लवकर होईल दोघांनी—"

"दादा, हात लावशील तर इथंच सगळ्यांसमोर बोंबलीन मी!"

तो मागे सरला. पलीकडे उभी असलेली माणसं वळून पाहू लागली. मी नट सोडले, चाकांची अदलाबदल केली, नट आवळले. दादा दोन्ही हात बगलेत धरून उभा होता. काम चाललंय आणि आपण नुसतं बघतोय, अशी त्याची बहुतेक पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या वेळी झेंडा पडला आणि गाडीने अशी उसळी घेतली की माझी मान मागे गेली. रजत कुठे राहिला ते मी पाहिलंच नाही. आधीच्या चिडीपायी मी शेवटची रेषा ओलांडूनही गॅस सोडला नाही. पार बाभळीपर्यंत गेले.

परत आले तेव्हा केयूर माइकवर माझं नाव घेत होता. दिवसभरातली सगळ्यात चांगली वेळ माझी होती. आता त्याच्या तोंडी 'भावनाजी' आलं होतं. त्याने विचारलं, "जैसलमेरला सोबत एक मेकॅनिक नेता येतो. कोणाचं नाव सांगू?" आणि उत्तराची वाट न बघता माइक दादासमोर धरला. दादाही सवयीने एक पाऊल पुढे आला. तोंड उघडलं. मग थांबला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. कपाळावर रेती, डोळे ओले, मान जरा खाली.

"भावना," तो म्हणाला, "मी येऊ का?"

इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

मी म्हणाले, "नाही."